पहिल्या वर्षाची वही: जून ते मे

जून. बाळ महिन्याचं, आणि वहीला सुरुवात करायला गोव्यात याहून वाईट महिना नाही. कपाटातली पुस्तकंसुद्धा हाताला ओलसर लागतात, म्हणून साहित्य आधी ठरवलं. कागद जाड आणि आम्लविरहित, पेन पिगमेंट शाईचं. साध्या जेल पेनची शाई दमट कागदावर पसरते. फोटो लॅबमधून छापलेले, कारण घरच्या इंकजेटचा रंग पावसाळ्यात फुटतो. खळ नको, कसर तिच्यावरच येते. कागदी फोटो-कॉर्नर वापरा. पाकिटं पॉलिप्रॉपिलीनची, पीव्हीसीचं फोटोला चिकटतं आणि ओढलं की चेहराच सोलून निघतो. वही हवाबंद डब्यात, सोबत ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे.

जुलै. ठसे. हाताचा ठसा या वयात जमत नाही म्हणून बाळावर चिडू नका. तळव्याला काहीही लागलं की मूठ आपोआप मिटते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत ओसरते. मुठीच्या पाठीवरून बोट फिरवलं की बोटं उलगडतात, पण क्षणभरच. पावलाचा ठसा सोपा. बाळ गाढ झोपलेलं असताना पाण्यात धुतली जाणारी शाई तळव्यावर पातळ लावायची आणि पाऊल कागदावर न टेकवता, पुठ्ठ्यावर ताणलेला कागद टाचेकडून बोटांकडे पावलावर दाबत न्यायचा. शाई जास्त झाली की रेघा बुजतात. पहिला ठसा रद्दीवर घ्या, दुसरा वहीचा.

मीठ-मैद्याचा साचा इथे करू नका. मीठ हवेतलं पाणी ओढतं. ओव्हनमध्ये कडक वाळवलेला साचासुद्धा पावसात मऊ पडतो. मऊ मातीत पाऊल दाबून त्या खड्ड्यात प्लास्टर ओतलं तर टिकतं: मापाने दोन भाग प्लास्टर, एक भाग पाणी. ओल्या प्लास्टरमध्ये पाऊल कधीच ठेवू नका. घट्ट होताना ते तापतं आणि भाजतं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर. मोजमाप. उंची झोपवूनच मोजायची, आणि दोघांनी: एकाने डोकं भिंतीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळव्यांना जाड पुस्तक उभं लावायचं. एकट्याने टेप लावली तर सेंटीमीटरभर चूक सहज होते आणि पुढच्या महिन्यात बाळ 'आखडलेलं' दिसतं. वजन दरवेळी त्याच काट्यावर, कपडे काढून. सर्वसाधारणपणे जन्माचं वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. लसीकरण कार्डावरचे आकडे वहीत तारखेसह उतरवून ठेवा. चवथीच्या गर्दीत आमचं एक पान कोरं राहिलं. ते आठवून भरलेलं नाही.

डिसेंबर ते मार्च. बसणं, रांगणं, धरून उभं राहणं. प्रत्येकासाठी दोन तारखा ठेवल्या: 'पहिल्यांदा दिसलं' आणि 'रोजचं झालं'. त्यांच्यातलं अंतर हीच खरी प्रगती. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत आधाराविना बसण्याचा काळ 3.8 ते 9.2 महिने आणि एकट्याने चालण्याचा 8.2 ते 17.6 महिने निघाला. काही बाळं गुडघ्यांवर रांगतच नाहीत, तेव्हा ती ओळ रिकामी राहिली तरी चालेल. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासूनही लिहा.

एप्रिल. आवाज. 'बाबाबा' ऐकून लगेच 'बाबा म्हणाला' लिहायचा मोह होतो. तोच आवाज त्याच वस्तूला निरनिराळ्या वेळी आला तरच शब्द धरायचा. घरात मराठी आणि कोंकणी दोन्ही असतील तर भाषा शेजारी लिहा: 'उद' हे पेला दिसला की येतं, म्हणजे 'उदक', कोंकणी. ऐकू येतं तसंच लिहा, शुद्ध करून नको. रेकॉर्डिंगच्या फाइलला वर्ष-महिना-दिवस असं नाव, प्रती दोन ठिकाणी.

मे. सिलिकाचे दाणे ओल शोषून केशरीचे हिरवे झाले होते. ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास ठेवल्यावर पुन्हा केशरी झाले. बाळ आता सगळं तोंडात घालतं, म्हणून डबा कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर. वाढदिवसाचा ठसा तेवढा बाकी, तो पाऊस लागायच्या आत घ्यायचा.