ओशिवऱ्याहून आणलेली आरामखुर्ची

आजोळच्या पडवीत होती तशी वेताची आरामखुर्ची मला हवी होती. हातांखालच्या पट्ट्या फिरवून पुढे काढायच्या आणि त्यांवर पाय टाकून पडायचं, ती. म्हणून फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आमच्या सुतारकाकांना घेऊन डोंबिवलीहून निघाले. दादरला गाडी बदलून जोगेश्वरी, पश्चिमेला उतरून रिक्षाने ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट. अकराच्या आत जाऊ नका, आम्ही पोचलो तेव्हा बरीच शटरं खालीच होती. पण उन्हं असतानाच बघून घ्या. ट्यूबलाइटखाली सगळंच लाकूड सागाचं वाटतं.

पहिल्याच दुकानात एक चकचकीत खणांचं कपाट होतं. "शंभर वर्षांपूर्वीचं, बंगल्यातलं," दुकानदार म्हणाला. काकांनी एक खण पूर्ण बाहेर काढून पालथा केला. तळाला प्लाय, त्यावर स्टेपलच्या पिना आणि कोपऱ्यांत अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेचे स्क्रू. "ताई, लाकूड जुनं आहे, कपाट नवं आहे," बाहेर आल्यावर ते म्हणाले. पाडलेल्या वाड्याबंगल्यांच्या तुळया आणि दारं चिरून असं फर्निचर बनतं. मजबूत असतं, घ्यायला हरकत नाही, पण पैसे नव्याचे द्यावेत.

खण पालथा करायची ही सवय लावूनच घ्या. हाताने कापलेल्या सांध्याचे दात थोडे लहानमोठे असतात, मशीनचे एकसारखे. अधिकच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. एखादाच दिसला तर मधे कधी दुरुस्ती झाली असेल. सगळेच तसे असतील तर शंभर वर्षांची गोष्ट सोडून द्या.

माझी खुर्ची चौथ्या दुकानाच्या मागच्या बाजूला, धुळीत उलटी पडली होती. पॉलिश न केलेली. मला तर तीच आवडली, कारण पॉलिशखाली पुट्टी आणि जोड लपतात. "पॉलिश करायच्या आधीचा माल दाखवा," असं सगळीकडे मागा. दाखवतात. काकांनी मागचा पाय बोटाने ठोकला, तर खालच्या फरशीवर बारीक पिवळसर भुसा पडला. ताजा भुसा म्हणजे आत किडा जिवंत. भोकं काळपट आणि कोरडी असतील तर तो जुना उपद्रव. इथे एकाच पायात होता, बाकी साग टणक. सांधे हलत होते, पण जुना सरस (लाकूड चिकटवायचा गोंद) सुटला की तसं होतंच. सांधा उघडून साफ करून पुन्हा चिकटवता येतो. तडा गेलेला पाय मात्र घेऊ नये.

वेत फाटला होता. तो कसा बसवलाय ते बघा. चौकटीला कडेने ओळीने भोकं असतील तर विणकर हाताने एकेक पट्टी ओवून विणतो. वेळ लागतो, मजुरी जास्त. भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार विणलेली जाळी दाबून बसवतात, ते स्वस्तात होतं. माझ्या खुर्चीला भोकं होती. मी हाताचंच विणून घेतलं आणि त्या खर्चाचं मला जराही वाईट वाटत नाही.

अठरा हजार सांगितले, साडेअकरा हजारांना दिली. कीड आणि वेत दोन्ही बोट ठेवून दाखवले म्हणून भाव उतरला. आणायला छोटा हत्ती (लहान टेम्पो) वेगळा ठरवावा लागला. निघण्याआधी घरचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोजून कागदावर लिहून न्या. घरी आल्यावर खुर्ची थेट आत घेऊ नका. आम्ही ती पंधरा दिवस गॅलरीत ठेवली, भोकांत सिरिंजने कीडनाशक भरलं, रोज खाली कागद घालून भुसा पडतोय का बघितलं. नंतर चपडा लाखेचं हातपॉलिश.

चोरबाजारही करायचा असेल तर मटण स्ट्रीटवरची बहुतेक दुकानं शुक्रवारी बंद असतात हे लक्षात ठेवा. परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेणार असाल तर आणखी एक: १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत आणि शिसवीच्या वस्तूंवरही आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. त्यामुळे आधी चौकशी, मग खरेदी.

काकांची दिवसाची मजुरी मी आनंदाने दिली. तुम्हीही जाताना ओळखीचा सुतार सोबत न्याच.