तुम्ही विचारलंत म्हणून: मी घरी बनवलेला हा रिबन स्पीकर किती वॅटचा?

आठ.

एकदाचं सांगून टाकलं. पडवीत पाऊल ठेवणारा प्रत्येक जण त्या फणसाच्या चौकटीकडे बघतो, मधोमध ताणलेली चंदेरी पट्टी बघतो आणि विचारतो, "किती वॅटचो आसा रे?" मी आठ म्हटलं की हसतो. विचारणारा रिक्षावाला असेल तर त्याच्या सीटमागचा डबा चारशेचा असतो. मग मी चिडतो. चिडून जे बोलतो ते निम्म्यांना कळत नाही आणि उरलेले तोवर चहा संपवून उठलेले असतात.

म्हैस पेंड किती खाते यावरून कोणी दूध मोजत नाही. वॅट ही पेंड. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, ते दूध. बाजारातला साधा डबा 86 च्या आसपास देतो. माझी पट्टी माझ्या मोजमापाने 96 देते. माइक स्वस्तातला आहे, एखादा डेसिबल इकडेतिकडे धरा. दहा डेसिबलचा फरक म्हणजे विजेत दहापट. जे काम माझ्याकडे आठ वॅटमध्ये होतं त्याला त्या डब्याला ऐंशी लागतात, आणि तेही खरे ऐंशी. टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ 1000 वॅट' (पीएमपीओ म्हणजे फुगवून सांगितलेला आकडा) असं सोनेरी स्टिकर असायचं आणि मागे अंगठ्याएवढा अ‍ॅडाप्टर, ते आठवतंय ना? आपली वॅटची समज तिथेच बिघडली, असं माझं मत आहे.

पट्टी म्हणजे चपात्या गुंडाळायचा फॉइल. 60 सेंटीमीटर लांब, 12 मिलिमीटर रुंद, 12 मायक्रॉन जाड, दोन दातेरी चाकांमधून काढून चुण्या पाडलेली. वजन पाव ग्रॅमहून कमी, तांदळाचे दहाएक दाणे. दोन्ही बाजूंना निओडिमियमच्या चुंबकांच्या रांगा, मधल्या फटीत ही लोंबते. वीज तिच्यातूनच जाते आणि तीच हलते. वेगळी कॉइल नाही, कागदाचा कोन नाही. जर्मनीत 1924 च्या सुमाराला शॉटकी आणि गेरलाख यांनी ही कल्पना मांडली, मी काही नवीन केलेलं नाही.

अडचण एवढीच की पट्टीचा रोध 0.11 ओहम, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या लेखी शॉर्टच. आठ ओहमचा रेझिस्टर मालिकेत लावला तर जवळजवळ सगळी वीज तो रेझिस्टर तापवण्यात जाते. म्हणून वेढ्यांचं प्रमाण साडेआठास एक असा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो अ‍ॅम्प्लिफायरला हीच पट्टी आठ ओहमची करून दाखवतो. कुडाळचा मोटर वाइंडिंगवाला दुसऱ्या बाजूचे जाड पट्टीचे मोजके वेढे बघून म्हणाला, "ह्यो वेल्डिंगचो काय?" जात तीच, चूक नव्हता तो. 1500 हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खालच्या सुरांचं, काम 12 इंची कागदी वूफर करतो. दोघांना दोन क्लास डी जातीचे अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड, दोन्ही इन्व्हर्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीवर. 12 व्होल्टात आठ ओहमला आठ-नऊ वॅटच्या वर काही निघत नाही. वीज गेली तरी पडवीत गाणं चालू असतं, आणि आमच्याकडे वीज किती जाते हे तुम्हाला सांगायला नको.

त्याआधी मायलरच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या, फिल्मवर नागमोडी फॉइल चिकटवून प्लेनर, म्हणजे सपाट पडद्याचा स्पीकर, केला होता. अमेरिकेत जिम वायनी यांनी 1969 मध्ये ज्याची कंपनी काढली त्या जातीचा. आवाज गोड, पण साध्या फेराइट चुंबकांवर 82 डेसिबलच्या पुढे जाईना आणि बॅटरी रात्रीतून बसायची. तो माळ्यावर आहे.

खाऱ्या हवेत चुंबकांच्या निकेलला बारीक भोकं पडतात आणि आतून राखाडी भुकटी फुगून वर येते. होडीला लावतात ते रेझिन चोपडून बघितलं, दोन पावसाळे टिकलं. त्याहून छळ काळ्या रेतीचा. किनाऱ्यावरून आलेल्याच्या पायांना असते, चुंबकाला चिकटते, फटीत केसासारखी उभी राहते, आणि एखाद्या सुराला पट्टी तिला घासली की तेवढ्यापुरतं झुर्रर्र होतं. चिकटपट्टी सुरीला उलटी गुंडाळून एकेक कण काढायचा. त्यात अख्खी संध्याकाळ जाते. "विकत का घेत नाही" हा तुमचा दुसरा प्रश्न असतो, त्याचं उत्तर देताना मी या संध्याकाळींबद्दल बोलत नाही.

माझ्या वहीत 2016 सालचं एक वाक्य आहे: 'वॅट विचारणाऱ्याला कान नसतात.' खाली दोन रेघा मारल्या आहेत. कोणावर एवढा रागावलो होतो ते आठवत नाही.

2019 च्या सप्ताहाचं सांगतो.

आमच्या वाडीतले भजनी बुवा तेव्हा सत्तरीच्या पुढे. एके काळी डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, पहाटेपर्यंत समोरच्याला उठू न देणारा माणूस. एका दुपारी पडवीत त्यांचाच रेकॉर्ड केलेला अभंग लावला. डोळे मिटून ऐकला, मग पट्टीला हात लावायला निघाले, मी अडवला. म्हणाले, "त्या भोंग्यात माझो आवाज पत्र्यार पाऊस पडल्यासारखो येता. सप्त्याक ह्यो लाव." मी नको म्हणायला हवं होतं. बुवांना नको म्हणणं कठीण, हे एक कारण झालं. दुसरं असं की मलाही तो सगळ्या गावाला ऐकवायचा होता.

मंडपवाला पोरगा वायरी ओढत होता. त्याने विचारलं, "किती वॅटचो?" मी आठ म्हणालो आणि चार माणसांसमोर त्याला म्हैस-पेंडीचं सगळं प्रवचन दिलं. त्याने शांतपणे ऐकलं, "बरां" म्हणाला आणि गेला. त्याचे भोंगे टेम्पोतून त्याने उतरवले नाहीत, पण टेम्पो देवळामागेच उभा ठेवला.

सभामंडप तीन बाजूंनी उघडा, समुद्र हाकेवर. खाऱ्या वाऱ्याची धास्ती होती म्हणून मागच्या बाजूला मलमलीचे दोन पदर ताणून बांधले होते. पुढून वारा येईल असं डोक्यातच आलं नाही. बुवांनी सुरुवात केली. पहिल्या तीन-चार रांगांतल्या बाया आवाज कुठून येतो बघायला माना वळवू लागल्या. ती पाच-सात मिनिटं माझी. मग कोरस उठला, झांजा आल्या, पखवाज आला, आणि मागून पिंपळाच्या पाराकडून हाक आली, "आवाज वाढव रे!" वाढवला. वर काही शिल्लकच नव्हतं. बुवांच्या वरच्या सुरांना काटे फुटायला लागले. पुन्हा हाक आली. मी बटणाला नुसता हात लावून वाढवल्यासारखं केलं. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

बुवांना घाम फुटला होता. कोणीतरी मायेने उभा पंखा त्यांच्याकडे वळवला. बुवांच्या मागे थोडं डावीकडे माझी चौकट. मी पाच-सहा फुटांवर, हातात स्क्रूड्रायव्हर. पट्टी आधी आकाशकंदिलाच्या शेपटीसारखी थरथरली, मग फटीतून पुढे फुगून आली, लोखंडाला टेकली, फर्रर्र झालं आणि वरच्या पकडीशी फाटली. उरला फक्त वूफर. बुवांचा आवाज घोंगडीखालून बोलल्यासारखा. त्यांनी अभंग थांबवला नाही. एकदा माझ्याकडे पाहिलं, बस. पुढचं कडवं संपायच्या आत पोराने भोंगे जोडले होते. पत्र्यावरचा पाऊस सुरू झाला आणि पारावर बसलेल्यांना शब्द न् शब्द कळायला लागला.

प्रसाद घेताना बुवा शेजारी येऊन बसले. "झिला, तुजो आवाज बरो होतो. पण ऐकाक येय नाय होतो रे."

घरी येऊन रात्रीच वही काढली. 96 डेसिबलमध्ये आठ वॅटचे 9 मिळवले, एक मीटरवर 105. अंतर दुप्पट झालं की 6 जातात, 20 मीटरवर 26 गेले, उरले 79. तेही शिखर. गाण्याची सरासरी त्याच्या 12-15 खाली. एवढ्यावर समुद्र, झांजा आणि पोरं. लांब उभ्या फॉइलचा आवाज दुप्पट अंतराला 6 नाही, 3 नेच पडतो असं मी पुस्तकी समाधान करून घेतलं होतं. ते जवळ खरं. दोन फुटांची पट्टी 20 मीटरवरून ठिपकाच असते. हे गणित जायच्या आधी करायला मला दहा मिनिटं लागली असती. केलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

तेव्हा त्या पोराचा प्रश्न बरोबर होता का? त्या रात्री होता. पण ऐंशी वॅट दिले असते तर पाव ग्रॅमचा फॉइल तापून, लांबून तसाच गेला असता, पंख्याशिवाय. म्हणजे नुसता वॅटचा प्रश्न तेव्हाही पुरेसा नव्हता. आणि पडवीत, दहा फुटांवर, तो मला अजूनही निरर्थकच वाटतो. वहीतल्या वाक्यावर काट मारायला दोनदा पेन उचललं. 'कान नसतात' हे चूक आहे, पारावरच्यांना कान होते म्हणून तर ओरडले. पण काट मारली नाही.

तेव्हापासून बुवा सप्ताहासाठी कधी बोलले नाहीत. दुपारी मात्र येतात, जिथून ऐकू येतं तिथे खुर्ची ओढून बसतात. मागच्या महिन्यात फॅब्रिकेशनवाल्याकडे चुंबक बसवायच्या सव्वा मीटरच्या लोखंडी पट्ट्या कापायला टाकल्या आहेत. लांबी दुप्पट म्हणजे तीन डेसिबल जास्त, आठाचे सोळा झाल्यासारखे. लागणार दहा डेसिबल. पुढच्या बाजूलाही मलमल बांधायची आहे. बुवांना यातलं काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.