ऑर्गन टू आणि रिकामी जागा

सोमवार, रात्र

या आठवड्यात टेबलावर एकच तबकडी: रॉबिन एस.चं ‘शो मी लव्ह’. हाऊस म्हणजे क्लबमध्ये नाचायचं, ठोक्यावर चालणारं यंत्रसंगीत; त्यातली इतकी वाजून झालेली सिंगल की तिच्याबद्दल आता नवीन काय लिहायचं. पण सगळ्यांना आठवतं ते १९९३चं गाणं, आणि गाणं आहे १९९०चं. मधल्या तीन वर्षांत काय बदललं, तेवढंच टिपून ठेवायचंय.

लिहिलं ॲलन जॉर्ज आणि फ्रेड मॅकफार्लेन यांनी. गायलं न्यूयॉर्कच्या रॉबिन स्टोननं. लंडनच्या चॅम्पियन रेकॉर्ड्सनं १९९०मध्ये बाजारात आणलं आणि ते फारसं कुठे पोचलं नाही. १९९२मध्ये स्वीडनच्या स्टोनब्रिजनं त्याचं रिमिक्स केलं. पुढच्याच वर्षी तेच गाणं ब्रिटनच्या यादीत ६व्या, अमेरिकेच्या बिलबोर्ड नियतकालिकाच्या ‘हॉट १००’ यादीत ५व्या आणि बिलबोर्डच्या क्लब यादीत १ल्या क्रमांकावर. शब्द तेच, गळाही तोच.

आपल्याकडे रिमिक्स म्हटलं की जुन्या गाण्याखाली ठोका टाकायचा, असा एक समज पक्का बसलाय. हाऊसमध्ये रिमिक्सवाल्याला तयार, अखंड गाणं मिळत नाही. गळा वेगळा, बाकी वाद्यांचे पट्टे (ट्रॅक) वेगळे, अशी सुटी फीत मिळते. त्यातलं काय ठेवायचं हा पहिला निर्णय, आणि बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो.

मंगळवार

स्टोनब्रिजनं मुलाखतींमधून सांगितलेली हकिगत अशी: पहिलं रिमिक्स कंपनीला पसंत पडलं नाही. मग त्यानं गळा आणि किक (तालातला खालचा, जड ठोका) सोडून सगळं म्यूट, म्हणजे बंद, केलं आणि नव्यानं सुरुवात केली. हाताशी कॉर्ग एम-१ हा कीबोर्ड होता, त्यातला ‘ऑर्गन २’ हा तयार आवाज लावला आणि त्यावर बेस वाजवला.

‘सगळं म्यूट केलं’ हे वाचायला सोपं आहे. करताना हात धजत नाही, कारण प्रत्येक पट्ट्यावर कुणाची तरी मेहनत असते. पण क्लबची खोली दयामाया दाखवत नाही. काँक्रीटच्या भिंती, छत खाली, आवाज भिंतींवर आपटून दीड-दोन सेकंद घुमत राहतो. या घुमण्यात सगळ्यात आधी बिघडतो तो २०० ते ५०० हर्ट्झचा भाग. पियानोचा डावा हात, गिटार, सिंथचे लांब धरलेले स्वर, गायकाच्या छातीतला आवाज, बेसचे वरचे स्वर, सगळे तिथेच दाटीवाटीनं बसलेले असतात. स्टुडिओत भरदार वाटलेलं मिश्रण रात्री दोन वाजता तिथे नुसतं गढूळ ऐकू येतं.

एक साधी तपासणी करून पाहावी. गळा आणि किक एवढंच ठेवून गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं. मग एक-एक पट्टा परत उघडायचा. उघडल्यावर गळ्याचे शब्द जरा जरी मागे गेले, तर तो पट्टा परत बंद. ‘पण तो छान वाजलाय’ हे कारण ग्राह्य नाही. या गाण्यात गळ्याच्या आजूबाजूला जागा भरपूर आहे, म्हणून रॉबिनचा ताण, श्वास, शब्द फेकण्याची घाई, सगळं मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्यालाही कळतं.

बुधवार, बराच उशीर

आज फक्त ऑर्गन.

ऑर्गन म्हटलं की मराठी कानाला संगीत नाटकातला पायपेटीचा ऑर्गन आठवतो: पत्तीचा, लांब श्वासाचा, गायकाला धरून चालणारा. ‘ऑर्गन २’ त्या जातीचा नाही. त्याची नक्कल आहे ती हॅमंडसारख्या विजेवरच्या ऑर्गनची, आणि त्यातही सुरुवातीच्या ‘टक्’ची. पट्टी दाबली की आधी लाकडावर बोट आपटल्यासारखा टणत्कार, लगेच मागे गोल, पोकळ स्वर, आणि बोट उचललं की संपलं.

एम-१ हा १९८८चा कीबोर्ड. ६१ पट्ट्या, एका वेळी १६ स्वर, आत ८ ट्रॅकचा सिक्वेन्सर (वाजवलेलं टिपून परत वाजवणारी सोय), आणि सगळे नमुने ४ मेगाबाइटच्या रॉममध्ये कोंबलेले. फिल्टरला रेझोनन्सच (ठरावीक कंपनं उठवायची सोय) नाही, म्हणजे ॲसिड हाऊससारखी चिरकती पिळवटणूक त्यातून निघत नाही. कारखान्यातून जो आवाज आला, जवळजवळ तोच वापरायचा. हाऊसवाल्यांनी त्यातले दोन उचलले, एक पियानो आणि एक हा ऑर्गन.

हा आवाज बेस म्हणून का चालला, त्याचा हिशेब मांडून पाहू. बेसचा खालचा ‘ए’ ५५ हर्ट्झचा. नुसती साइन, म्हणजे एकाच कंपनाची शुद्ध लहर, लावली तर तेवढा एकच स्वर. क्लबच्या १८ इंची स्पीकरवर तो पोटात जाणवतो, गाडीतल्या स्पीकरवर अर्धामुर्धा आणि छोट्या रेडिओवर अजिबात नाही. ऑर्गनच्या आवाजात ५५च्या सोबत ११०, १६५, २२०ही असतात. छोट्या स्पीकरनं खालचा स्वर गिळला तरी वरच्यांवरून कान तो मनातल्या मनात भरून घेतो. त्यामुळे तीच ओळ क्लबमध्ये बेस असते आणि रेडिओवर गुणगुणता येणारी धून. क्लबमधून रेडिओकडे जाताना बहुतेक हाऊस सिंगल जिथे अडखळतात, ती पायरी या गाण्यानं सहज ओलांडली.

एम-१ नसेल तर कुठल्याही सिंथवर (आवाज घडवणाऱ्या कीबोर्डवर) जवळपास जाता येतं. तीन साइन ऑसिलेटर (लहर निर्माण करणारे भाग) घ्यायचे. पहिला मूळ स्वरावर, पूर्ण आवाजात. दुसरा एक सप्तक वर, अर्ध्यावर. तिसरा मूळच्या तिप्पट कंपनांवर, आणखी कमी. तिसऱ्याला वेगळा एन्व्हलप (आवाज चढण्या-उतरण्याचा आराखडा) द्यायचा: सुरुवात शून्य मिलिसेकंदांत, ४०-६० मिलिसेकंदांत संपूर्ण उतार. ‘टक्’ येतो तो इथून. पहिल्या दोघांचा उतार २००-३०० मिलिसेकंदांचा, नंतर ४० टक्क्यांवर धरून ठेवायचा आणि बोट सोडल्यावर ६०-८० मिलिसेकंदांत बंद, हा झाला रिलीज. रिलीज त्याहून कमी केला तर प्रत्येक स्वराच्या शेवटी चट् असा आवाज येतो. जास्त केला तर स्वर एकमेकांत सांडतात आणि ओळीतली उडी जाते. व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी दाबण्याचा जोर, सगळ्या स्वरांना सारखी. माणसानं वाजवल्यासारखं वाटावं म्हणून ती कमी-जास्त करणारे पुष्कळ आहेत, पण या आवाजाची गंमतच यंत्रासारखं तंतोतंत पडण्यात आहे.

चुका ठरलेल्या. एक, खालच्या सप्तकात कॉर्ड दाबणं: ५५ आणि ६५ हर्ट्झ एकत्र वाजले की नुसती घरघर, तिथे एका वेळी एकच स्वर हवा. दुसरी, तयार आवाजावरचे रिव्हर्ब-कोरस (आवाज घुमवणारे, पसरवणारे इफेक्ट) तसेच चालू ठेवणं. हेडफोनवर प्रशस्त वाटतं, पण क्लबची साउंड सिस्टीम पुष्कळदा मोनो असते आणि डावं-उजवं एकत्र झालं की बेसचा निम्मा जीव जातो. तिसरी आजकालची: ऑर्गनखाली आणखी एक सब-बेसची, म्हणजे अगदी खालच्या स्वराची, साइन टाकायची हौस. दोघांचा फेज (लहरींचा चढ-उतार) जुळला नाही की काही स्वर दणकतात आणि काही गायब होतात. आधी एकाच आवाजानं भागतंय का ते पाहावं. इथे भागलं होतं.

गुरुवार

किक आणि बेसची जागेवरून होणारी भांडणं. गाणं साधारण १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोके), म्हणजे एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, चार ठोक्यांचं आवर्तन २ सेकंदांचं. डोक्यात हिशेब करायला इतकी सोयीची लय दुसरी नाही.

दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये, २५० मिलिसेकंदांवर, बेसचा स्वर पडणार असेल तर किकची शेपटी २००च्या आत संपलेली हवी. रोलंड टीआर-९०९ या तालयंत्राच्या धर्तीची किक ५०-६० हर्ट्झवर घुमते, म्हणजे बेसच्याच अंगणात. किकचा डिके (उतार) आखूड केला की निम्मं भांडण मिटतं. आज सगळे साइडचेन लावून किकसरशी बेस खाली दाबतात. वाईट नाही, पण ओळच अशी बांधली की बेस ठोक्याच्या बाजूनं चालतो, तर दाबायची वेळच येत नाही.

स्विंगबद्दल, म्हणजे जोडीतली दुसरी मात्रा किंचित उशिरा टाकण्याबद्दल, थोडंसं. सोळाव्या मात्रांची (ठोक्याच्या पाव भागांची) जोडी २५० मिलिसेकंदांची. ५० टक्क्यांवर दोघी १२५-१२५. ५४वर पहिली १३५, दुसरी ११५. दहा मिलिसेकंदांचा फरक, आकड्यात नगण्य, कमरेला लगेच कळतो. ६०च्या पुढे गेलं की हाऊस लंगडायला लागतं. हाय-हॅटला (ताल राखणाऱ्या झांजेला) स्विंग देऊन बेस सरळ ठेवला तर दोघं एकमेकांच्या पायात येतात. द्यायचा तर दोघांना सारखा.

शनिवार, पहाटे

आपल्या गावागावांत ‘डीजे’ म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरांची भिंत. इथे डीजे म्हणजे माणूस, आणि क्लबमधलं यश या माणसाच्या सोयी-गैरसोयीवर ठरतं, हे बाहेरच्यांना लवकर पटत नाही. नाचणाऱ्याला गाणं आवडायच्या आधी ते डीजेला जोडता आलं पाहिजे.

त्याला हवा असतो सुरुवातीला नुसता ताल: १६ आवर्तनं म्हणजे ३२ सेकंद, ३२ असतील तर मिनिटभर. तेवढ्या वेळात चालू तबकडीशी लय जुळवायची, मग तिचा बेस उतरवून नव्या गाण्याचा चढवायचा. दोन बेस एकत्र वाजू द्यायचे नाहीत, चार आवर्तनंसुद्धा नाहीत. आणि नवी तबकडी आठ किंवा सोळा आवर्तनांच्या समेवर सोडायची. एक आवर्तन इकडे-तिकडे झालं तरी ठोके जुळलेलेच राहतात, म्हणून नवशिक्याला चूक कळत नाही. मग एका गाण्याचा ब्रेक (ताल थांबतो तो भाग) दुसऱ्याच्या ओळीच्या मध्यात येऊन पडतो, आणि लोक का थांबले हे त्याला उमगत नाही.

टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ या तबकडी वाजवायच्या यंत्रावर वेग ८ टक्के वर-खाली होतो. १२०चं गाणं ११०.४पासून १२९.६पर्यंत नेता येतं. पण वेगाबरोबर पट्टीही चढते. १२६वर नेलं, म्हणजे ५ टक्के, की गळा जवळजवळ एक अर्धस्वर वर जातो. १२४वर तर तो दोन पट्ट्यांच्या मध्येच लटकतो, अर्ध्या अर्धस्वरावर, आणि पुढच्या गाण्याची कॉर्ड त्यावर आली की दात आंबतात. अशा वेळी ज्या भागात दोन्हीकडे फक्त ताल आहे तिथेच जोड घ्यावा. आजच्या यंत्रांवर की-लॉक आहे, पट्टी हलत नाही. पण जास्त ताणलं की ऑर्गनचा ‘टक्’ बोथट होतो. मी म्हणेन, दोन-तीन टक्क्यांपर्यंत लॉक बंदच ठेवा.

तबकडी कापतानाची एक गोष्ट राहिली. साधारण १५० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो लागतं, नाहीतर खाचेची खोली कमी-जास्त होते आणि सुई उडते. शिवाय आतल्या कड्यांकडे गळ्यातले ‘स’ फाटतात, म्हणून गळ्याचं मिश्रण बाहेरच्या बाजूला आणि डब (गळा जवळजवळ काढून टाकलेलं मिश्रण) आतल्या बाजूला घालणं शहाणपणाचं.

रविवार

क्लबमधलं यश मोजायचे तेव्हाचे मार्ग दोन आणि दोघांची जात वेगळी. बिलबोर्डची क्लब यादी तयार व्हायची ठिकठिकाणच्या डीजेंनी कळवलेल्या आपापल्या यादीवरून. त्यात विकलेल्या तबकड्यांचा संबंध नाही. ‘हॉट १००’ विक्री आणि रेडिओवर, आणि १९९१च्या नोव्हेंबरअखेरीपासून दुकानाच्या गल्ल्यावरच्या प्रत्यक्ष नोंदीवर. पुष्कळ हाऊस सिंगल पहिल्या यादीत वर आणि दुसरीत बेपत्ता असतात. हे गाणं दोन्हीकडे चढलं, कारण बुधवारी लिहिलं तेच: बेस छोट्या स्पीकरवरही ऐकू येतो. आणि त्यावर चक्क गाणं आहे, कडवं-ध्रुवपद असलेलं, दोन शब्दांची पुनरावृत्ती नव्हे.

पैशाचा हिशेब मात्र आवाजाच्या हिशेबाशी जुळत नाही. रिमिक्सवाल्याला त्या काळी बहुतेक वेळा ठरावीक बिदागी मिळायची. गाण्याचा हक्क शब्द-चाल रचणाऱ्यांचा. २०२२मध्ये अमेरिकन गायिका बियॉन्सेचं, ‘शो मी लव्ह’ची आठवण करून देणारं ‘ब्रेक माय सोल’ आलं तेव्हा त्याच्या श्रेयनामावलीत जॉर्ज आणि मॅकफार्लेन ही नावं होती, आणि ते ‘हॉट १००’मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ऐकणाऱ्याला मात्र ओळख पटते ती ऑर्गनवरून, आणि ऑर्गन १९९०च्या रचनेत नव्हताच. तो आवाज कॉर्गच्या कारखान्यातून एम-१ घेणाऱ्या प्रत्येकाला आयता मिळत होता.

आता कॉर्गनं एम-१ सॉफ्टवेअरमध्येही आणलाय. ‘ऑर्गन २’ उघडायचा, आधी दोन्ही इफेक्ट बंद करायचे, सप्तक एक खाली.