तुम्ही विचारलंत म्हणून : 'डेलियाज गॉन' घरी का बसत नाही?

तीनच कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर), एक गिटार, एक आवाज. तरी अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशचं 'डेलियाज गॉन' हे गाणं आपण वाजवलं की पोकळ का वाटतं, हे गिटार शिकणारे हमखास विचारतात. त्यावर बहुतेक जण गिटार बदलतात. दोष गिटारचा नसतो.

आधी गाणं कुठलं ते बघा. डेलिया ग्रीन ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सवाना गावातली १४ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. १९०० च्या नाताळात तिला गोळी घातली ती जवळपास तिच्याच वयाच्या मुलाने. त्यावरून रचलेली गाणी अमेरिकेच्या दक्षिणेत आणि बहामा बेटांवर पसरली. कॅशच्या गाण्यात गोष्ट मेम्फिस शहरात गेली आणि खुनीच 'मी' म्हणून बोलू लागला. १९६२ च्या अल्बममध्ये त्याने ते साथीदारांसह गायलं. १९९४ च्या अल्बममध्ये, त्याच्या बासष्टाव्या वर्षी, ते पुन्हा आलं, तेव्हा साथीला कोणीच नव्हतं. रॅप आणि मेटलमध्ये नाव कमावलेल्या निर्माता रिक रुबिनने त्याला एकट्याने गायला लावलं. त्या अल्बमचं बरंचसं ध्वनिमुद्रण रुबिनच्या दिवाणखान्यात आणि कॅशच्या टेनेसीतल्या लाकडी घरात झालं.

साथ गेली की ध्रुवपद बदलतं, आणि खरी गोम इथेच आहे. पोवाड्यात झीलकरी 'जी जी' उचलतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो. इथे 'डेलिया गेली' ही ओळही खुन्यालाच म्हणावी लागते, दर कडव्यानंतर. ती वरच्या आवाजात, टाळ्या मागितल्यासारखी म्हटली की संपलं. कडव्यापेक्षा किंचित हळू आवाजात म्हणा, पण लय तीच ठेवा.

पट्टी आधी ठरवा. गाण्यातला सगळ्यात खालचा सूर सकाळच्या आवाजात नव्हे, संध्याकाळच्या आवाजात स्पष्ट लागला पाहिजे. कॅशच्या खर्जाची नक्कल करायला गेलात तर शब्द घशातच राहतात. त्यापेक्षा कॅपो (पट्टी चढवायला गिटारच्या मानेवर लावतात तो चिमटा) दोन घरं वर सरकवा. उजव्या हाताचं काम साधं आहे: पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला अंगठ्याने जाड तार, दुसऱ्या-चौथ्याला बारीक तारांवर हलका फटका. हा फटका जोरात पडला की नाच सुरू होतो. नव्या कोऱ्या तारा फार खणखणतात, आठवडाभर वाजलेल्या बऱ्या.

रेकॉर्ड करताना एकच माइक, तोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरवर, किंचित खाली झुकवलेला. गिटार वरचढ झाली तर माइक हलवू नका, हात हलका करा. पंखा बंद, मागे गोधडी टांगलेली. आवाज आणि गिटार एकाच माइकमध्ये गेल्यामुळे मधली चूक वेगळी काढता येत नाही. पूर्ण गाणं पुन्हा म्हणायचं. मेट्रोनोम (टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र) नको, पाय आपटणं तर नकोच.

सगळ्यात जास्त लोक घसरतात ते गोळीच्या कडव्यात. तिथे आवाज कापरा करतात, लय ओढतात. कॅश ते कडवं हिशेब सांगावा तसं कोरडं सांगतो. भीती येते ती नंतर, तुरुंगात, झोप लागत नाही तेव्हा. तिथेही आवाज चढवू नका.

आणि शेवटी सवयीने लय उतरवू नका. शेवटचा कॉर्ड वाजवून हात तारांवरून काढा, मनात आठ मात्रा मोजा, मग रेकॉर्डिंग बंद करा.