लीड्सचा रोस्ट, सोलापूरची मांडी

आमच्या सोलापूरच्या घरी मटण शिजले की नाही हे पाहण्याची रीत एकच आहे. पातेल्यातली एक फोड पळीवर काढायची, फुंकर घालून चिमटीत दाबायची आणि मांस हाडापासून सुटू लागले की गॅस बंद करायचा. घड्याळाकडे कोणी पाहत नाही. कुकर लावला असेल तर शिट्ट्या मोजल्या जातात एवढेच. नऊ वर्षांपूर्वी मी लीड्सला राहायला आले, तेव्हा पहिल्याच नाताळात ही रीत निरुपयोगी ठरली, कारण समोर कोकराची अडीच किलोंची अख्खी मांडी होती आणि तिच्या गाभ्यापर्यंत माझी चिमूट पोहोचणार नव्हती.

इंग्लंडमध्ये भाजण्यासाठी घेतलेल्या अशा मोठ्या तुकड्याला ‘जॉइंट’ म्हणतात. रविवारी दुपारी तो लहान असतो, सणाला मोठा. नाताळाला बहुतेक घरांत टर्की असते, तर काही घरांत कोकराची मांडी किंवा बीफ. सोबत भाजलेले बटाटे, ब्रसेल्स स्प्राउट्स नावाची लिंबाएवढी कोबी आणि ट्रेमध्ये उतरलेल्या रसात पीठ शिजवून केलेली ग्रेव्ही असते. लीड्स यॉर्कशरमध्ये असल्यामुळे आमच्याकडच्या ताटात यॉर्कशर पुडिंगही येते. नावावरून ते गोड वाटते, पण मैदा, अंडी आणि दूध यांचे पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून फुगवलेला तो खारा पदार्थ आहे; पूर्वी ते भाजणाऱ्या मांसाच्या खाली ठेवत आणि वरून ठिबकणाऱ्या चरबीवरच ते तयार होई.

त्या पहिल्या नाताळात मी मांडी फ्रिजमधून काढून तशीच ओव्हनमध्ये सारली, २३० अंश लावले आणि रंग सुरेख आला म्हणून तासाभराने पाहुण्यांसमोर ठेवली. पहिला काप उत्तम निघाला. तिसऱ्या कापापासून मांस गुलाबी होत गेले आणि हाडाजवळ ते चक्क थंड होते. पाहुणे सभ्य असल्यामुळे कोणी काही बोलले नाही. मी उरलेल्या मांडीच्या फोडी केल्या, त्या आईने दिलेल्या काळ्या मसाल्यात परतल्या आणि तासाभराने सगळ्यांनी त्या मिटक्या मारत खाल्ल्या. माझ्या मनातून मात्र ती मांडी गेली नाही.

चूक आचेची नव्हती, समजुतीची होती. उष्णता मांसात बाहेरून आत फार सावकाश सरकते आणि जाडी दुप्पट झाली, तर गाभा तापायला वेळ दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट लागतो. त्यामुळे ‘किलोमागे इतकी मिनिटे’ हा पाकिटावर छापलेला हिशेब अंदाजापुरता ठीक असतो. लांबट, चपटा दोन किलोंचा तुकडा आणि गोल, भरीव दोन किलोंचा तुकडा यांना सारखा वेळ लागणे शक्यच नाही. रंगावर विसंबणे तर त्याहून धोक्याचे. मांसाचा पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण १४० अंशांच्या पुढे तापला, की त्यातली प्रथिने आणि शर्करा यांच्यात प्रक्रिया होऊन तपकिरी रंग आणि भाजका वास येतो. लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. भाकरीवर पडणारे खरपूस डाग हीसुद्धा तीच करामत. हा सारा खेळ वरच्या काही मिलिमीटरमध्ये चालतो आणि आत काय चालले आहे, याची त्याला काहीही खबर नसते.

म्हणून मी मांसात खुपसायचा थर्मामीटर आणला. त्याचे टोक सर्वांत जाड भागाच्या मध्यावर न्यायचे आणि हाडाला टेकू द्यायचे नाही, एवढेच त्याचे तंत्र. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीचा सर्वसाधारण नियम असा, की गाभा ७० अंश सेल्सिअसवर दोन मिनिटे राहिला पाहिजे. अमेरिकेचे कृषी खाते कोंबडी आणि टर्कीसाठी ७४ अंश सांगते, तर बीफ, पोर्क आणि कोकराच्या अख्ख्या तुकड्यांसाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती. अमेरिकन पाककृती वाचताना अंश फॅरनहाइटमध्ये असतात हे विसरू नये. त्यांचे ३५० म्हणजे आपले सुमारे १७७.

इथे बीफ किंवा कोकराची मांडी आतून गुलाबी ठेवून खातात आणि ते चालते, याचे मला आधी फार नवल वाटे. कारण साधे आहे: अख्ख्या तुकड्यात अपायकारक जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात आणि तो भाग तर कडक भाजलेला असतो. पण मांस खिमा केलेले असेल किंवा हाड काढून, गुंडाळून दोरीने बांधलेले असेल, तर बाहेरची बाजू आत गेलेली असते आणि ही सवलत संपते. टर्की, कोंबडी आणि पोर्क यांना तर ती नाहीच. सवलत असूनही मला गुलाबी मांस अद्याप रुचत नाही. माझी मांडी मी ७० अंशांच्या पुढेच नेते आणि माझे इंग्रज शेजारी त्याबद्दल हळहळतात.

टर्कीचे प्रकरण वेगळे आहे आणि त्यात भाजण्यापेक्षा आधीचीच कामे जास्त आहेत. गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला किलोमागे दहा ते बारा तास लागतात, म्हणजे पाच किलोंचा पक्षी जेवणाच्या दोन-तीन दिवस आधीच खालच्या कप्प्यात यायला हवा. आईला सर्वांत खटकलेली गोष्ट अशी, की तो धुवायचा नाही. आमच्याकडे मटण दोन पाण्यांतून काढून हळद लावल्याशिवाय चुलीजवळ जात नाही, मात्र कच्च्या कोंबडीवर किंवा टर्कीवर नळ सोडला, तर तुषारांबरोबर कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू ओट्यावर, भांड्यांवर आणि कोशिंबिरीवर उडतात. जंतू मारायचे काम ओव्हन करतो. फोनवर हे सांगितले तेव्हा आईने ‘तुमचं तुम्ही बघा’ एवढेच म्हणून विषय संपवला.

आपल्याकडे मीठ रश्शात पडते आणि फोडींत आपोआप उतरते. मोठ्या तुकड्याला ही सोय नसते. त्याला आदल्या दिवशी किलोमागे साधारण दहा ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडेच ठेवावे लागते. प्रथम मिठाने पाणी सुटते, त्या पाण्यात मीठ विरघळते आणि काही तासांनी ते पाणी पुन्हा मांसात जिरते. खारावलेली प्रथिने भाजतानाही ओलावा धरून ठेवतात आणि वरची बाजू वाळल्यामुळे रंग चांगला धरतो. मसाल्याची गोष्ट उलट आहे. तिखट आधीपासून लावले, तर २०० अंशांच्या पुढे ते करपून कडू होते, म्हणून मी काळा मसाला तेलात कालवून शेवटच्या पंधरा मिनिटांत लावते. आणि ओव्हनमधून काढल्यावर किमान वीस मिनिटे सुरी लावायची नाही. बाहेरची उष्णता आत सरकत राहते, गाभा आणखी चार-पाच अंश चढतो, आतला रस किंचित दाट होतो आणि कापताना पाटावर वाहून जात नाही.

एवढी तयारी झाल्यावर २०२४ च्या डिसेंबरात मी महिनाभर सोलापूरला गेले आणि दादाने फर्मान सोडले, की नाताळाला तुझा तो रोस्ट इथे झालाच पाहिजे. वहिनीने पंचांगाकडे बोट दाखवले. पंचवीस डिसेंबर मार्गशीर्षात येत होता. तिचे गुरुवारचे उपवास चालू होते आणि त्या महिन्यात आमच्या घरात मांस येत नाही. तीस तारखेला सोमवती अमावास्या, एकतीसला मंगळवार. अशा रीतीने आमचा नाताळ एक जानेवारीच्या बुधवारी ठरला.

दुकानात मी अख्खी मांडी मागितली, तेव्हा मटणवाल्या मामांनी सुरा खाली ठेवला. “अख्खी? नळी फोडायची नाही का, ताई? मग शिजणार कशी?” दादा त्यांना समजावत असताना माझ्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. इंग्रजीत मटन म्हणजे मोठ्या मेंढीचे मांस आणि लीड्सला मी भाजते ते एक वर्षाच्या आतल्या कोकराचे, म्हणजे लॅम्ब. सोलापुरात मटण म्हणजे बोकड, तोही माळरानावर हिंडलेला, चरबीने हलका आणि स्नायूंनी चिवट. लीड्सचे आकडे इथे लावले असते, तर मांस खाण्यास सुरक्षित झाले असते, पण चावले गेले नसते. चिवटपणा ज्या कोलॅजनमुळे येतो, ते ७० अंशांच्या पुढे कित्येक तास राहिल्यावरच विरघळून जिलेटिन होते. तेव्हा गाभा ९० अंशांजवळ नेणे आणि तेही झाकून, सावकाश नेणे भाग होते.

दादाच्या शेजारच्या चाचींनी हे ऐकून मला वेड्यातच काढले. बकरी ईदला त्यांच्याकडे अख्खी ‘रान’, म्हणजे मांडीच, दरवर्षी होते. कच्च्या पपईचा गर लावून रात्रभर ठेवतात आणि मोठ्या देगचीत झाकण लावून निखाऱ्यांवर दम देतात. म्हणजे अख्खी मांडी सोलापूरला नवी नव्हती, आमच्या घराला नवी होती. पपईतल्या पपेन या मांस मऊ करणाऱ्या द्रव्याचा परिणाम पृष्ठभागापासून फार खोल जात नाही, म्हणून चाचींनी सांगितल्याप्रमाणे मांडीला हाडापर्यंत चिरा दिल्या आणि त्यांत गर, आले-लसूण आणि मीठ भरले.

मग ओव्हनचा प्रश्न आला. मला आठवली लहानपणची बेकरी. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन आम्ही तिथे रांग लावत असू आणि नानकटाईचे डबे भरून घरी आणत असू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कष्टकरी घरांतही हेच चाले: घरी ओव्हन नसे, म्हणून नाताळाचे बदक-हंस पाववाल्याच्या भट्टीत भाजून आणत, आणि त्या हंसासाठी वर्षभर गूज क्लबमध्ये आठवड्याला थोडे थोडे पैसे भरत. ती थेट आपली भिशीच. पाव निघाल्यानंतरची उतरती आच माझ्या मांडीला नेमकी हवी होती. बेकरीवाल्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “ताई, या भट्टीत लोकांची नानकटाई भाजते.” त्यांचे म्हणणे रास्त होते आणि मी ओशाळून परत आले.

शेवटी दादाचा चाळीस लिटरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा विजेचा छोटा ओव्हनच, कामी आला. मांडी त्यात तिरपी घातली तरी नळीचे टोक दारात अडत होते, म्हणून दादा सकाळी नऊ वाजता पुन्हा दुकानात गेला आणि मामांकडून नळी तोडून घेऊन आला. मामांनी ती हसतच तोडली असणार. उरलेला भाग कांद्याच्या जाड चकत्यांवर ठेवून, वाटीभर पाणी घालून, ट्रे फॉइलने घट्ट बंद केला आणि १५० अंशांवर साडेतीन तास ठेवला. ओटीजीची तापणारी कांब मांसाच्या फारच जवळ असते, त्यामुळे फॉइल शेवटपर्यंत काढायचे नाही हे मी त्या दिवशी शिकले. मध्ये एकदा डोकावण्यासाठी उचलले, तेवढ्यात वरची कड काळी पडली. मध्येच लाइट गेली आणि अर्ध्या तासाने आली. दार उघडले नाही, म्हणून काटा फारसा उतरला नव्हता. काटा ९१ वर गेला तेव्हा तेल-मसाला चोळून पंधरा मिनिटे मोठी आच दिली आणि मांडी परातीत काढून ठेवली.

काका ताट घेऊन बसले होते. वीस मिनिटे थांबायचे आहे हे त्यांना पटत नव्हते आणि रस्सा नाही हे तर मुळीच पटत नव्हते. ट्रेमधला रस आणि विरघळलेला कांदा मी पातेल्यात काढला, त्यात आणखी मसाला आणि शेंगदाण्याचे कूट घालून उकळी आणली. इंग्रज त्याला ग्रेव्ही म्हणाले नसते, पण काकांनी त्यात कडक भाकरी चुरली. मांडीला सुरी लागलीच नाही, मांस चमच्याने सुटत होते. भाचरे मात्र पानावर आलीच नाहीत. सकाळी तोडून आणलेल्या नळीचे वहिनीने चार शिट्ट्यांत अळणी पाणी केले होते आणि ती सगळी अकरा वाजताच जेवून गच्चीवर पतंग उडवायला गेली होती.