तुम्ही विचारलंत म्हणून: दोन भुवयांमधल्या इंजेक्शनांविषयी

हळदीकुंकवाला, शाळेच्या स्टाफरूममध्ये, परवा तर बेळगावच्या खडेबाजारातल्या साडीच्या दुकानातही तोच प्रश्न आला: ‘बाई, या वयात हे कशाला?’ दर वेळी मी हसून विषय बदलला आणि घरी आल्यावर स्वतःवरच चिडले. म्हणून एकदा नीट लिहिते.

काहींना वाटते तसे मी गाल भरून घेतलेले नाहीत. गालात भरतात तो फिलर. तो बहुधा हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा असतो आणि खोलगट झालेली जागा उचलून धरतो. माझ्या भुवयांमध्ये पाच ठिकाणी मिळून 20 युनिट गेले ते बोट्युलिनम टॉक्झिन, तुम्ही ज्याला बोटॉक्स म्हणता ते. आकुंचनाचा निरोप स्नायूपर्यंत नेणारे अ‍ॅसिटिलकोलीन मज्जातंतूच्या टोकाशीच ते अडवते, त्यामुळे स्नायू सैल पडतो आणि वरच्या कातडीला घडी पडेनाशी होते. दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतो, तीन-चार महिन्यांत ओसरतो. नणंदबाई म्हणाल्या, ‘वहिनी, विष टोचून घेतलंत?’ विषच आहे ते. पण त्याच विषाला अमेरिकेत 1989 साली तिरळेपणा आणि पापण्यांची उबळ यांवरचे औषध म्हणून मान्यता मिळाली, भुवयांमधल्या रेषांसाठी 2002 साली. अर्थात मला डोळ्यांचा कोणताही आजार नव्हता, हेही मी मान्य करते.

मला होत्या त्या दोन उभ्या रेषा. चौथीच्या वर्गात पाऊल टाकले की मुले विचारायची, ‘बाई, रागावलाय काय?’ मी रागावलेली नसायचे.

पहिल्या खेपेस सारे सुरळीत झाले. दुसऱ्या खेपेस आठव्या दिवशी सकाळी आरशात पाहिले, तर उजवी पापणी अर्ध्या बुबुळावर उतरलेली होती. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता, तेव्हा सुरुवात चेहऱ्यापासूनच झाली होती. ह्यांनी मला घरातल्या साडीवरच गाडीत बसवले. तातडीच्या विभागात डॉक्टरांनी हात वर करायला लावले, दात दाखवायला लावले, डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या आणि कन्नडमध्ये विचारले, काही औषध, काही इंजेक्शन घेतले आहे का? ‘एनू इल्ला,’ मी म्हणाले. काही नाही. इंजेक्शन घेतले त्या दिवशी मी खानापूरला बहिणीकडे गेले होते, असे घरात सांगितलेले होते. मला स्ट्रेचरवर घेतले, मेंदूचा स्कॅन ठरला. हे भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्या चपला त्यांनी दोन्ही हातांत छातीशी धरल्या होत्या. त्या चपला पाहिल्या आणि मला खरे सांगावे लागले.

औषध भुवईखालून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरले होते. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा फिलर असता तर हायलुरोनिडेज टोचून विरघळवता आला असता; यावर तसा उतारा नाही. डोळ्यात घालायचे थेंब मिळाले, ते दुसऱ्या एका लहान स्नायूला चेतवून पापणी जेमतेम मिलिमीटरभर उचलतात. बाकी वाट पाहायची. मी पाच आठवडे पाहिली. परतताना टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर गाडी थांबली, तेव्हा हे एवढेच म्हणाले, ‘मला सांगून गेली असतीस तर मी सोडायला आलो असतो.’

केसांना कलप लावणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, मग मलाच का, हा माझा नेहमीचा बचाव आहे. तो मला अजूनही पटतो. मात्र काही वर्षांपूर्वी एका सहकारी बाईंनी चेहऱ्यावर काही करून घेतले, तेव्हा ‘वय लपवून काय मिळतं यांना?’ असे स्टाफरूममध्ये मीच म्हणाले होते, आणि त्या वेळच्या मला आज काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. वय लपवायचे नव्हते, केवळ न आलेला राग चेहऱ्यावर नको होता, असे म्हणावे तर ते अर्धेच खरे आहे. आरशातली मी मला आवडली होती.

रेषा आता परत आल्या आहेत. पुन्हा जायचे की नाही, ते ठरलेले नाही. गेलेच, तर ह्यांना सांगून जाईन, टोचणाऱ्याचे शिक्षण आधी विचारीन, जे त्या खेपेस विचारले नव्हते, आणि कुपीवरचे नाव व तारीख चष्मा लावून स्वतः वाचीन.