फीडर चालू झाला, आमची गल्ली नाही

मे महिन्याच्या शेवटी इंदुरात संध्याकाळी आंधी येणं ही काही बातमी नाही. दिवसभर पारा चाळिशीच्या वर, साडेचार-पाचला पश्चिमेकडून आभाळ काळवंडतं, आणि पावसाचा थेंब पडायच्या आत धुळीने भरलेला गार वारा दारं-खिडक्या आपटायला लागतो. हा वारा ढगातूनच सुटलेला असतो. वर पावसाने गार झालेली जड हवा एकदम खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. त्यामुळे पाऊस अजून लांब असतानाच इथले पत्रे उडायला लागतात. लाइट जाते तीही बहुतेक याच दहा-पंधरा मिनिटांत.

लोकमान्यनगरच्या अलीकडे आमची जुनी कॉलनी. घरं बहुतेक मराठी, झाडं बहुतेक गुलमोहर आणि खांबांवरच्या तारा तेव्हा पूर्ण उघड्या. गेल्या वर्षी नौतप्यात (मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जी आंधी आली, तिच्यात गेलेली लाइट परत मिळवताना बरंच काही कळलं, ते इथे लिहितोय. आपल्याकडे ‘लाइट गेली’ हे एकच वाक्य सगळ्याला चालतं. सबस्टेशन बंद पडलं तरी तेच, आपल्या खांबावरची तार सुटली तरी तेच. तक्रार ऐकणाऱ्याला मात्र नेमकं कुठलं गेलंय ते कळल्याशिवाय काही करता येत नाही.

आधी सगळाच परिसर काळोखात गेला. अन्नपूर्णा रोडपर्यंत एक दिवा नाही. असा मोठा पट्टा एकदम गेला, की समजायचं 11 केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी 11 हजार व्होल्टची मुख्य लाइन, बसला, म्हणजे बंद पडला. 33 केव्हीच्या सबस्टेशनातून असे बरेच फीडर निघतात, प्रत्येकावर कितीतरी डीपी, आणि प्रत्येक डीपीवर आपल्यासारख्या गल्ल्या. डीपी म्हणजे खांबावरचा तो ट्रान्सफॉर्मर, 11 हजार व्होल्टचे 433 करणारा. आपल्या घरात त्यातली एक फेज आणि न्यूट्रल येते, म्हणून 230.

वीज कंपनीचा तक्रारीचा नंबर 1912 लावला. बराच वेळ एंगेज. लागला तेव्हा तक्रार क्रमांक मिळाला आणि ‘आंधी के कारण सुधार कार्य चल रहा है’ एवढं ऐकवण्यात आलं. आमच्या शेजारचा एक मुलगा सबस्टेशनच्या ऑपरेटरला ओळखतो. त्याच्याकडून खरी खबर आली: “फीडर होल्ड नहीं कर रहा, भिया. दो बार चार्ज किया, बैठ गया.” म्हणजे दोनदा लाइनीत वीज सोडली, टिकली नाही.

हे ऐकून गल्लीतले निम्मे लोक चिडले. परत परत चालू करा की, काय जातंय, असं वरच्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं. जातंय बरंच काही. वाऱ्याने फांदी तारेला टेकली आणि सुटली, किंवा दोन तारा हेलकावून एकमेकींना लागल्या, तर दोष क्षणाचा असतो. ब्रेकर, म्हणजे सबस्टेशनातला आपोआप तोडणारा स्विच, पडतो, पुन्हा लावला की टिकतो. उघड्या तारांवरचे बहुतेक दोष असेच असतात, म्हणून एक-दोनदा लावून बघतातच. तरी टिकला नाही, तर काहीतरी तुटलेलं, पडलेलं किंवा फुटलेलं आहे. कदाचित तार रस्त्यावर पडली असेल आणि शेजारी कोणी उभं असेल. अशा लाइनीत पुन्हा पुन्हा करंट सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. मग लाइनमनना टॉर्च घेऊन पूर्ण लाइन पायी बघावी लागते. मधे खांबावर जे स्विच असतात ते उघडून अर्धी लाइन तोडतात, उरलेली चार्ज करून बघतात, टिकली तर दोष पलीकडच्या अर्ध्यात. असं करत करत जागा आवळत आणतात. काळोखात, पावसात, झाडं आडवी पडलेली असताना हे किती वेगाने होणार?

दोष सापडला तो तारेला खांबापासून अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरमध्ये. “पिन पंचर है,” एवढंच लाइनमन म्हणाला. त्यामागचं कारण आपल्या माळव्याच्या उन्हाळ्यातच आहे. महिनोन् महिने पाऊस नाही, बांधकामांची आणि रस्त्यांची धूळ इन्सुलेटरवर साचत जाते. धूळ कोरडी असते तोवर काही होत नाही. पहिली बुरबूर पडली की तिचा चिखल होतो, त्यातून करंट सरपटायला लागतो, आणि एक दिवस ठिणगी उडून मातीला तडा जातो. चांगला मुसळधार पाऊस आला तर उलट धूळ धुऊन निघते. म्हणूनच जुलैच्या झडीत लाइट टिकते आणि मेच्या चार थेंबांत जाते. लोक याला खात्याचा आळशीपणा म्हणतात. उन्हाळ्यात इन्सुलेटर पुसले नाहीत यापुरतं ते खरंही आहे.

रात्री उशिरा फीडर चालू झाला. समोरच्या रांगेत टाळ्या वाजल्या. आणि आमची खरी गोष्ट तिथून सुरू झाली.

आमच्या घरात ट्यूब लागेना, पंखा रडत फिरतोय, फ्रिज नुसता घुर्र करून थांबतोय. शेजारच्या काकूंकडे मात्र बल्ब पांढराफटक, पंखा एकवर असून पाचवर असल्यासारखा गरगरतोय. काकू खूष. “आज व्होल्टेज छान आहे हो!” मी धावत जाऊन त्यांचा मेन पाडला, तोवर टीव्हीतून वास आलाच होता. गल्लीच्या कोपऱ्यावर राहणारा इलेक्ट्रिशियन मीटर घेऊन आला. आमच्याकडे दीडशेच्या आसपास, काकूंकडे तीनशेच्या वर.

हे कधी दिसलं तर एक सेकंदही विचार करू नका, मेन पाडा. एका घरात मंद आणि शेजारी झगझगीत, याचा अर्थ खांबावर न्यूट्रल सुटलेली आहे. तीन फेजच्या तारांवर घरं वाटून दिलेली असतात आणि चौथी तार, न्यूट्रल, सगळ्यांची सामायिक. ती जागेवर असेल तर प्रत्येक घराला 230 मिळतात. ती तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांतूनच जोडली जातात. ज्या फेजवर लोड जास्त, तिथे व्होल्टेज कोसळतं. ज्या फेजवर दोन दिवे नि एक टीव्ही, तिथे ते चढतं, अगदी चारशेच्या जवळपास जाऊ शकतं. काकू एकट्या, त्यांचं लोड कमी. आमच्या फेजवर तीन घरांचे एसी.

आता तक्रार करायला फोन उचलला तर मोबाइलवर संदेश येऊन पडलेला: आपली तक्रार निकाली निघाली आहे. फीडर चार्ज झाला की त्या भागातल्या सगळ्या तक्रारी एका झटक्यात बंद होत असाव्यात. कागदोपत्री आमच्याकडे उजेड होता.

इथे जे उपयोगी पडलं ते सांगतो. नवी तक्रार नोंदवताना ‘लाइट नाही’ असं म्हटलंच नाही. “एलटी लाइन का न्यूट्रल टूटा है, घरों में हाई वोल्टेज आ रहा है, आग का खतरा है,” असं सांगितलं (एलटी म्हणजे डीपीपासून घरांपर्यंतची कमी व्होल्टची लाइन), आणि खांबावर रंगवलेला नंबर दिला. हाय व्होल्टेज म्हटल्यावर पलीकडच्या मुलीचा सूरच बदलला. तिने डीपीचं लोकेशन विचारलं, मी सांगू शकलो, कारण तोवर दोघं-तिघं टॉर्च घेऊन खांब मोजून आलो होतो. (खांबापासून चार हात लांबून. पावसात ओल्या खांबाला आणि त्याच्या तणाव्याला हात लावायचा नसतो, पोरांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.) गल्लीतल्या सगळ्यांना मेन पाडायला लावले. दोघांनी ऐकलं नाही. त्यातल्या एकाचं वाय-फायचं यंत्र सकाळपर्यंत गेलं.

लाइनमनची गँग उजाडताना आली. तिघं जण, रात्रभर झोप नाही, डोळे लाल. गुलमोहराची जाड फांदी तारांवर आडवी पडलेली, आणि तिच्या वजनाने जुना जोड सुटलेला. गुलमोहर दिसायला राजा, पण मुळं वरवरची आणि लाकूड ठिसूळ, वाऱ्यात त्याचाच पहिला नंबर. फांदी कोणी कापायची यावर दहा मिनिटं गेली. तारेला लागणारी फांदी वीजवाले कापतात, पण झाड काढायचं तर नगर निगमची परवानगी लागते, आणि ही फांदी एवढी मोठी होती की काकांच्या मते ती झाडच होती. शेवटी काकूंनी सगळ्यांना चहा-पोहे दिले आणि वाद आपोआप मिटला.

काम सुरू करण्याआधी त्यांनी डीपीचे फ्यूज काढले, चारही तारा एकत्र जोडून अर्थ केल्या, आणि मोठ्याने ओरडून सांगितलं, “इन्वर्टर वाले सब मेन बंद रखो!” कारण मला पहिल्यांदाच नीट कळलं. घरातला इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर त्याची वीज मीटरमधून उलटी तारेवर चढते. लाइन बंद आहे समजून हात लावणारा माणूस त्यात जातो. आमच्या गल्लीत जनरेटर असलेला दवाखाना आहे, तिथे एक लाइनमन स्वतः जाऊन चेंजओव्हर स्विच बघून आला.

सुटलेल्या जोडाचा तुकडा वरच्या माणसाने खाली टाकला तो मी उचलून पाहिला. ॲल्युमिनियमच्या तारेला नुसता पीळ घातलेला. आतल्या बाजूने पांढरी भुकटी आलेली, दोन-तीन पदर काळे होऊन वितळलेले. म्हणजे हा जोड कित्येक महिने गरम होत होता, आंधीने फक्त शेवटचा धक्का दिला. या वेळी पीळ न घालता क्लॅम्प लावला. लाइट दिली, आमच्याकडे आणि काकूंकडे दोन्हीकडे मीटर लावून बघितलं, सारखं आलं, मगच गँग हलली. एका घराची सर्व्हिस वायर, म्हणजे खांबापासून मीटरपर्यंतची, फांदीने तोडली होती. ती तुमची तुम्ही आणा म्हणाले. आणली, त्यांनी जोडून दिली.

लाइट आली तर नळाला पाणी नाही. इंदूरची तहान भागते नर्मदेवर. ते पाणी जलूदला उचलतात, शहरापासून साधारण 70 किलोमीटरवर, आणि पंपांनी विंध्याचा घाट चढवून आणतात. तिकडे वीज गेली की पंप थांबतात आणि मधली लाइन रिकामी होते, मग वीज लगेच आली तरी इथल्या टाक्या भरायला वेळ जातो. आधीच आमच्याकडे एक दिवसाआड पाणी. त्या दिवशी टँकरवाल्याची चांदी.

मग राहिला काकूंचा टीव्ही. वीज कायदा 2003 मधल्या कलम 57 खाली नियामक आयोग सेवेचे निकष ठरवतो आणि ते पाळले नाहीत तर ग्राहकाला भरपाई असते, हे माझ्या वकील मेहुण्याने सांगितलं होतं. वीज कंपनीच्या झोन ऑफिसमध्ये लेखी अर्ज दिला, पोच घेतली. साहेब सभ्य होते. म्हणाले, आंधी ही दैवी आपत्ती, तिच्यात त्या मुदती लागू होत नाहीत. मी जोडाचा फोटो दाखवला आणि फेब्रुवारीत फांद्या छाटण्यासाठी दिलेल्या अर्जाची पोच पुढे ठेवली. आपत्ती दैवी असेल, भुकटी आलेला जोड दैवी नव्हता. यावर ते हसले आणि ‘ऊपर भेजते हैं’ म्हणाले. त्याच कायद्याच्या कलम 42 प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे मंच असतो, तिथे जाता येतं, पुढे लोकपालाकडेही. काकूंनी नको म्हटलं. टीव्हीचा बोर्ड दुरुस्त होऊन आला तो खर्च त्यांच्या मते वकिलाच्या रिक्षापेक्षा कमी होता. मला अजूनही वाटतं जायला हवं होतं.

घरात आम्ही मीटरनंतर व्होल्टेज कमी-जास्त झालं की आपोआप तोडणारं यंत्र बसवलं. फार महाग नसतं, आणि एसीच्या स्टॅबिलायझरपेक्षा याची गरज जास्त आहे असं माझं मत झालंय, कारण न्यूट्रल गेल्यावर एसीबरोबर सगळंच घर जळतं. काकूंकडेही लावून दिलं.

फोटो आणि दोन्ही अर्जांच्या प्रती जोडून गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन दिलं, तेव्हा हिवाळ्यात उघड्या तारा काढून काळी वेटोळी केबल टाकली गेली. तिच्यावर फांदी टेकली तरी चालतं. मुख्य रस्त्यावरच्या 11 केव्हीच्या तारा मात्र अजून उघड्याच आहेत, तिथे छाटणीशिवाय इलाज नाही. या वर्षी ती छाटणी वेळेत, एप्रिलमध्येच झाली. त्यासाठी सकाळी तीन तास शटडाउन होता, आदल्या दिवशी संदेशही आला होता. वरच्या मजल्यावरच्या काकांनी तरीही 1912 ला फोन लावून तक्रार नोंदवली, की आंधी नाही, पाऊस नाही, मग लाइट का गेली.